विमानाची संरचना आणि हायड्रॉलिक यंत्रणा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

वैमानिकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना विमानाची संरचना आणि हायड्रॉलिक म्हणजे द्रवचलित यंत्रणा हे विषय सामान्यतः दोन स्वतंत्र प्रकरणांतून शिकविले जातात. अभ्यासाच्या सोयीसाठी ही विभागणी योग्य असली, तरी प्रत्यक्ष विमानात या दोहोंची अशी फारकत नसते. प्रस्तुत लेखात त्यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास प्रमुख अपघातांच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

संरचनेचा विकास :

राइट बंधूंनी १९०३ मध्ये उडविलेल्या विमानाचा सांगाडा लाकडी होता व पंखांवर कापड ताणलेले होते. उड्डाणातील भार सांगाडा आणि तारा पेलत असत. १९३० च्या दशकात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा प्रवासी विमानांत रूढ झाला आणि बाहेरील आवरणच भाराचा मोठा वाटा उचलू लागले. पुढे विमाने अधिक उंचीवरून उडू लागल्यावर प्रवासी कक्षात हवेचा दाब राखणे अपरिहार्य ठरले. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात धड किंचित फुगते व उतरल्यावर पूर्ववत होते.

या पुनःपुन्हा येणाऱ्या ताणाने धातू थकतो. १९५४ मध्ये 'कॉमेट' जातीची दोन जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच दुभंगली. इंग्लंडमधील फार्नबरो येथे अशाच एका विमानाचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर दाब देण्यात आला. १,२२१ प्रत्यक्ष व १,८३६ कृत्रिम उड्डाणांनंतर ते खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटले. एक भाग निकामी झाला तरी उरलेल्या भागांनी भार पेलला पाहिजे, या विचाराला त्यानंतर अधिक बळ मिळाले.

हायड्रॉलिक यंत्रणेचा विकास :

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम या यंत्रणेचा पाया होय. जोसेफ ब्रामा याने त्याच तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट १७९५ मध्ये घेतले. विमानांत या तत्त्वाचा उपयोग प्रथम ब्रेक लावणे, चाके आत ओढून घेणे अशा कामांसाठी झाला. विमानांचा आकार व वेग वाढल्यावर सुकाणू फिरविण्यास वैमानिकाचे बाहुबळ अपुरे पडू लागले. १९६९ मध्ये प्रथम उडालेल्या बोइंग ७४७ मध्ये हे सर्व नियंत्रण हायड्रॉलिक शक्तीवर सोपविले गेले. म्हणूनच त्यात चार स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा होत्या.

दोन अपघात :

१२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून ओसाकाकडे निघालेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ विमानाची मागील दाबभिंत उड्डाणानंतर सुमारे १२ मिनिटांत फाटली. १९७८ मध्ये उतरताना या विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली होती. त्या वेळच्या दुरुस्तीत जोडपट्टी चुकीची बसविल्याने रिव्हेटच्या दोन ओळींचा भार एकाच ओळीवर आला. त्यानंतर विमानाने १२ हजारांहून अधिक उड्डाणे केली. भिंत फाटताच आतील हवेच्या झोताने उभ्या शेपटीचा मोठा भाग उडाला व तेथील चारही यंत्रणांच्या नळ्या तुटल्या. वैमानिकांनी केवळ इंजिनांच्या साहाय्याने सुमारे अर्धा तास झुंज दिली. तथापि ५२४ पैकी ५२० जण मृत्युमुखी पडले.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. त्या विमानात प्रवासी म्हणून असलेले प्रशिक्षक डेनिस फिच यांना जपानी अपघाताची माहिती होती व तशा परिस्थितीचा सराव त्यांनी सिम्युलेटरवर केला होता. त्यांनी इंजिनांची शक्ती कमी-अधिक करण्याचे काम हाती घेतले. सू सिटी येथे विमान कोसळले, तरी २९६ पैकी १८४ जण वाचले.

समारोप :

यंत्रणा चार असूनही त्यांच्या नळ्या एकाच ठिकाणाहून जात असतील, तर एकच आघात सर्वांना पुरतो, हे या घटनांतून स्पष्ट होते. पुढे नळी तुटल्यास द्रवाची गळती रोखणाऱ्या झडपा बसविण्यात आल्या. मात्र १९८९ मध्ये तशी झडप नव्हती. उपयोगी पडला तो आधीच्या अपघाताचा अभ्यास. म्हणून ही दोन प्रकरणे शिकविताना त्यांना जोडणारा हा इतिहासही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे, असे वाटते.