दोन खड्ड्यांची कुळकथा

संडासाच्या भांड्याखालच्या नळीला एक बाक असतो. त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि दुर्गंधी त्या पाण्यापलीकडेच अडते. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली अशा बाकदार नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्याआधी १५९६मध्ये सर जॉन हॅरिंग्टनने पाणी सोडून धुतल्या जाणाऱ्या संडासाचं वर्णन केलं होतं, पण त्यात वास अडवणारा हा बाक नव्हता.

बाकामुळे संडास घरात आला खरा. मैला मात्र फक्त नजरेआड झाला. लंडनचा मैला थेम्समध्ये जात राहिला. १८५८च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी पार्लमेंटात शिरली, तेव्हा कुठे जोसेफ बॅझलजेटच्या भुयारी गटारांना मंजुरी मिळाली.

आपल्याकडे बहुतेक गावांत गटारं नव्हती. शहरांत पाटीचे संडास होते, आणि मैला ठरावीक जातींच्या माणसांच्या डोक्यावरून वाहिला जाई. १९३२ साली गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धन यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून आपलं अन्न कमी केलं; येरवड्यातून गांधीजींनी उपोषण करून त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पांनी मैल्याचं सोनखत करणारे संडास उभारले.

१९७०मध्ये बिंदेश्वर पाठक यांनी बिहारमध्ये सुलभ संस्था स्थापन केली आणि दोन खड्ड्यांचा संडास घरोघर पोहोचवला. त्याचं भांडं जास्त उताराचं असतं आणि बाकात जेमतेम २० मिलिमीटर पाणी राहतं, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. त्याच्या विटांच्या भिंतीत भोकं ठेवलेली असतात. पाणी आणि वायू आजूबाजूच्या मातीत जिरतात. तो भरला की मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा. बंद केलेल्या खड्ड्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत कोरडं, वास नसलेलं खत होतं. पिण्याच्या पाण्याची विहीर मात्र पुरेशी लांब हवी, आणि भूजल फार वर असेल तिथे खड्ड्यांची रचना बदलावी लागते.

हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. तरीही सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं गुदमरून मरतात. टाकी कधीतरी उपसावीच लागते, हे बांधताना कुणी विचारात घेत नाही. नव्या घराचा नकाशा काढताना फरशीचा रंग ठरवण्याआधी एवढं ठरवावं: इथला मैला कुठे जाईल, आणि तो कुणाला उचलावा लागेल? जिथे जमीन आणि जागा साथ देते, तिथे दोन खड्डे हे त्याचं स्वस्त आणि माणुसकीचं उत्तर आहे.