तयार स्केल मॉडेलचा लिलाव : तुरुंगाच्या बाजारापासून संगणकापर्यंत

स्केल मॉडेल म्हणजे मूळ वस्तूची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती. 1:72 प्रमाणात स्पिटफायर विमानाच्या पंखांची 11.23 मीटर लांबी साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास येते. बाजारात अशी मॉडेल दोन रूपांत मिळतात : सुट्या भागांचे किट आणि जोडून, रंगवून पूर्ण केलेले मॉडेल. तयार मॉडेलची किंमत घडवणाऱ्याच्या हातावर ठरते. हे हातचे काम दूरच्या अनोळखी गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवण्याचा मार्ग ऑनलाइन लिलावाने खुला केला.

तयार मॉडेल विकण्याचा व्यवसाय मात्र त्याहून बराच जुना आहे. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस येथे 1797 मध्ये युद्धकैद्यांसाठी तळ उभारला गेला. तेथील फ्रेंच कैदी जेवणातल्या मांसाची हाडे साफ करून त्यांच्या पट्ट्यांनी जहाजे मढवत आणि तळावरच्या बाजारात आसपासच्या लोकांना विकत. हाताशी नकाशे नसल्याने या जहाजांची मापे काटेकोर नसत. तरी ती आज संग्रहालयांत आहेत आणि नामांकित लिलावगृहांतही येतात.

प्लॅस्टिकच्या किटने हा छंद घरोघरी नेला. 1936 मध्ये ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ ही 1:72 विमानांची मालिका आली. 1952 मध्ये एअरफिक्स कंपनीचे ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचे किट वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला मिळू लागले. किट स्वस्त झाली, हौशी मंडळी वाढली आणि एक विचित्र हिशेब तयार झाला. उत्पादन थांबलेले, न उघडलेले जुने किट संग्राहकाला हवे असते. तेच किट सामान्य हाताने जोडले की त्याची किंमत बहुधा घसरते. गोंद लागल्यावर भाग पुन्हा सुटे होत नाहीत आणि खरेदीदाराला स्वतः जोडण्याचा आनंदही उरत नाही. तयार मॉडेलला किटपेक्षा जास्त पैसे हवे असतील, तर ते किती सफाईने जोडले आणि रंगवले आहे हे गिऱ्हाइकाला पटावे लागते. प्रदर्शनात मॉडेल समोर ठेवून हे दाखवता येई. दूरच्या गिऱ्हाइकाला दाखवणे अवघड होते.

सप्टेंबर 1995 मध्ये पियरे ओमिद्यार यांनी कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ सुरू केले. तेच पुढे ‘ईबे’ झाले. 1996 मध्ये तिथे व्यवहारानंतर एकमेकांवर शेरा नोंदवण्याची पद्धत आली. मॉडेल विकणाऱ्यासाठी हे शेरे म्हणजे त्याची पतच होती. पंखावरचे डिकल (चिकटवायचे चिन्ह) नीट बसले आहे की त्याखाली हवेचा चंदेरी डाग दिसतो, दोन भागांची सांध भरून घासली आहे की नाही, हे फोटोंवरून आणि शेऱ्यांवरून जोखले जाई.

बोलीची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. ईबेवर खरेदीदार आपली कमाल रक्कम गुपचूप नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. एकाने 150 डॉलर आणि दुसऱ्याने 90 डॉलर नोंदवले, तर मॉडेल पहिल्याला 90 पेक्षा जेमतेम एका टप्प्याने जास्त रकमेत मिळते. म्हणजे किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या इच्छुकावर ठरते. दोन जाणकार एकाच वेळी हजर असतील तर भाव चढतो; एकच असेल तर महिन्यांची मेहनत किटच्या दरात जाते. ईबेवरच्या लिलावाची वेळ ठरल्या सेकंदाला संपत असल्याने अनेकजण शेवटच्या क्षणी बोली लावतात. अर्थशास्त्रज्ञ अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी 2002 मध्ये दाखवले की, उशिरा बोली आल्यास मुदत आपोआप वाढवणाऱ्या अॅमेझॉनच्या लिलावांत ही प्रवृत्ती कमी होती.

जपानमध्ये सप्टेंबर 1999 मध्ये याहू ऑक्शन्स सुरू झाले. तिथे विक्रेत्याला अशी मुदतवाढ निवडता येते. बांदाई कंपनीने 1980 मध्ये 300 येनला आणलेल्या गंडम रोबोच्या किटपासून त्या देशात जोडणाऱ्यांची मोठी फळी तयार झाली होती, आणि त्यांच्या तयार मॉडेलना या लिलावाने गिऱ्हाईक मिळवून दिले. ईबेने 2000 मध्ये जपानमध्ये पाऊल टाकले, पण 2002 मध्ये माघार घेतली.

विकलेले मॉडेल धड पोहोचवणे हे वेगळे कौशल्य आहे. विमानाची अँटेना किंवा जहाजाची दोरखंडे नुसत्या कागदात गुंडाळली तरी मोडतात. म्हणून मॉडेल त्याच्या बैठकीला धरून आतल्या खोक्यात घट्ट बसवतात, नाजूक भागांना काहीही टेकू देत नाहीत आणि ते खोके फोम भरलेल्या मोठ्या खोक्यात ठेवतात.

चित्रपट-मालिकांसाठी घडवलेल्या मॉडेलचा भाव निराळ्या कारणाने, म्हणजे पडद्यावर झळकल्यामुळे, चढतो. ‘स्टार वॉर्स’मधले एक्स-विंग विमानाचे मॉडेल ऑक्टोबर 2023 मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 31 लाख 35 हजार डॉलरला गेले, बोली 4 लाखांपासून सुरू झाली होती. त्याच सुमारास ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या एंटरप्राइज यानाचे 1964 चे, बराच काळ हरवलेले मूळ मॉडेल ईबेवर अवघ्या 1,000 डॉलरच्या सुरुवातीच्या बोलीने झळकले. जाणकारांनी ते ओळखताच जाहिरात उतरवली गेली. तज्ज्ञांनी ते अस्सल ठरवल्यावर 2024 मध्ये ते मालिकेच्या निर्मात्याच्या मुलाकडे परत गेले.

भारतात मुंबईच्या ‘बाजी डॉट कॉम’ने 2000 मध्ये ऑनलाइन लिलाव आणला. 2004 मध्ये ईबेने ही कंपनी 5 कोटी डॉलरला विकत घेतली आणि 2018 मध्ये ईबे इंडियाचे संकेतस्थळ बंद झाले.

पडद्यावर न झळकलेल्या मॉडेलची गोष्ट साधी राहिली. बोलीतून कामाच्या तासांची भरपाई क्वचितच होते. त्यामुळे अनेक कसबी कारागीर लिलावाचा उपयोग जाहिरातीसाठी करतात आणि उत्पन्नासाठी आगाऊ मजुरी ठरवून गिऱ्हाइकांच्या मागणीप्रमाणे मॉडेल बनवून देतात.