कोड खुला होता म्हणून

२००१ साली मिशेल वाल्द्रिघीने ‘बी-टू’ नावाची मोफत ब्लॉग-प्रणाली लिहायला घेतली. पीएचपीतला कोड आणि मायएसक्यूएलचा डेटाबेस, एवढ्यावर ती चालायची. पुढे तिचे काम थंडावले आणि वापरणाऱ्यांची पंचाईत झाली.

पण परवाना जीपीएल होता, म्हणजे तो कोड पुढे न्यायची मुभा सगळ्यांनाच होती. अमेरिकेतला मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी तेच केले. २७ मे २००३ रोजी ‘वर्डप्रेस’ची ०.७ ही पहिली आवृत्ती आली.

मे २००४ मध्ये ‘मूव्हेबल टाइप’ या लोकप्रिय ब्लॉग-प्रणालीने परवान्याच्या अटी आणि दर बदलले. नाराज झालेल्या अनेकांनी वर्डप्रेसची वाट धरली.

ते बसवायलाही सोपे होते. सर्व्हरवर रिकामा डेटाबेस तयार करायचा, नमुना कॉन्फिग फाइलची प्रत काढून तिच्यात डेटाबेसचे नाव, युजरनेम आणि पासवर्ड भरायचा, एफटीपीने सगळ्या फाइली चढवायच्या आणि ब्राउझरमध्ये इन्स्टॉलचे पान उघडायचे. ‘पाच मिनिटांत इन्स्टॉल’ ही त्याची ख्यातीच झाली.

१.२ आवृत्तीत प्लगइनची सोय आली, २००५ च्या १.५ मध्ये थीम आल्या. स्वयंसेवकांनी केलेल्या अनुवादामुळे आता वर्डप्रेस मराठीतूनही वापरता येते.