जामखेड : खेड्याने घडविलेली आरोग्यसेवा

ग्रामीण भारताच्या आरोग्याचा पद्धतशीर विचार देश स्वतंत्र होण्यापूर्वीच सुरू झाला होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारापासून वंचित राहता कामा नये, हे तत्त्व त्या अहवालाने मांडले. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालापासून सामुदायिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. तत्त्व उदात्त होते, हेतू शुद्ध होता. परंतु इमारत उभी राहिली म्हणजे आरोग्य नांदू लागते असे नाही, हा अनुभव पुढील दोन दशकांत ठिकठिकाणी आला. डॉक्टर शहरात रमले, खेडी वाट पाहत राहिली. या प्रश्नाचे एक समर्थ उत्तर महाराष्ट्राच्या एका दुष्काळी तालुक्यातून मिळाले. त्या तालुक्याचे नाव जामखेड.

सेवाव्रती दांपत्य

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. शहरात व्यवसाय थाटला असता तर कीर्ती आणि संपत्ती या दोहोंची वाण पडली नसती. परंतु १९६० साली विवाहप्रसंगीच उभयतांनी आपले आयुष्य ग्रामीण गोरगरिबांच्या सेवेस वाहण्याचा संकल्प केला. प्रारंभी त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले.

तेथे त्यांना एक गोष्ट बेचैन करू लागली. हगवण, खोकला, ताप, कुपोषण, बाळंतपणातील गुंतागुंत यांनी ग्रासलेले रुग्ण येत, बरे होऊन परत जात आणि काही महिन्यांनी तीच व्याधी घेऊन पुन्हा दाराशी येत. यांतील बहुतेक रोग मुळातच टाळता येण्याजोगे होते. ज्या घरात स्वच्छ पाणी नाही, पुरेसे अन्न नाही आणि जुन्या समजुतींचा पगडा आहे, त्या घरात रुग्ण परत गेला की औषधाचे सारे श्रेय पुसले जाई. रुग्णालय कितीही उत्तम चालविले तरी रोगाचा उगम खेड्यातच राहतो, हे सत्य त्यांना उमगले. तेव्हा हे दांपत्य अमेरिकेत गेले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. परदेशात स्थायिक होण्याची संधी असतानाही ते १९७० साली मायदेशी परतले आणि त्यांनी जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा आरंभ केला.

आधी पाणी, मग औषध

बीड, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमांना लागून असलेला जामखेड तालुका म्हणजे अवर्षणाचा प्रदेश. गावकऱ्यांनी या डॉक्टरांना पशुवैद्यकीय दवाखान्याची एक जुनी इमारत दिली आणि त्या इमारतीत कामाचा श्रीगणेशा झाला. सुरुवातीच्या काळात सुमारे ३० खेडी व ४० हजार लोकवस्ती हे या प्रकल्पाचे क्षेत्र होते.

लोकांना काय हवे आहे, हे विचारूनच काम करावयाचे, असा या दांपत्याचा दंडक होता. लोकांच्या उत्तरात औषधाला पहिले स्थान नव्हते. त्यांना पाणी आणि अन्न हवे होते. लवकरच १९७२ चा भीषण दुष्काळ आला आणि त्या उत्तराची सत्यता साऱ्या महाराष्ट्राला पटली. प्रकल्पाने बालकांसाठी पोषक आहाराची सोय केली व गावोगावी कूपनलिका घेण्यास साहाय्य केले. यांतील अनेक कूपनलिका जाणीवपूर्वक दलित वस्तीत घेण्यात आल्या. पाण्याची निकड मोठी असल्यामुळे सारा गाव त्या हातपंपावर येऊ लागला. जे प्रबोधनाच्या भाषणांनी साधले नसते ते एका हातपंपाने साधले. स्वच्छ पाण्याने जुलाबाचे रोग घटले आणि त्याच पाण्याने माणसामाणसांतील अंतरही थोडे कमी केले.

गावातील पुरुषांना एकत्र आणण्यासाठी सायंकाळी व्हॉलीबॉलचे खेळ सुरू झाले. खेळानंतरच्या गप्पांतून शेतकरी मंडळे आकारास आली आणि पुढे महिला मंडळेही स्थापन झाली. आरोग्याची चर्चा शेती, शेळ्या, झाडे आणि कर्ज या विषयांच्या सोबतीने होऊ लागली.

निरक्षर हातांतील दीप

प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात पाठवून पाहण्यात आले. परंतु परगावच्या तरुण परिचारिकेला परक्या गावात एकटीने राहणे कठीण जाई आणि गावातील सासवा-सुना तिच्यासमोर मन मोकळे करीत नसत. तेव्हा एक धाडसी निर्णय घेण्यात आला. आरोग्यसेविका गावातीलच असावी आणि तिची निवड गावानेच करावी. अशा निवडलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या, काही विधवा, तर काही परित्यक्ता होत्या. ज्यांना गावात कोणी मान देत नव्हते, त्यांच्याच हाती गावाचे आरोग्य सोपविण्यात आले.

या स्त्रिया नेमाने जामखेडच्या केंद्रात येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. जातीपातीचे पहिले बंध तेथेच सैल झाले. गरोदर स्त्रीने बाळ मोठे होईल या भीतीने उपाशी राहू नये, पहिले चिकाचे दूध टाकून न देता बाळाला पाजावे, नाळ निर्जंतुक पात्याने कापावी, जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडू नये, उलट मीठ-साखरेचे पाणी पाजत राहावे, अशा साध्या गोष्टी त्यांनी शिकून घेतल्या. बाळाचे वजन करणे, धनुर्वाताची लस वेळेवर मिळेल हे पाहणे, क्षयाचा व कुष्ठरोगाचा संशय ओळखणे, आणि अवघड बाळंतपण वेळीच रुग्णालयात पाठविणे ही कामे त्या सहजतेने करू लागल्या. कुष्ठरुग्णाला गावाबाहेर न टाकता घरातच ठेवून उपचार करावेत, हेही त्यांनीच लोकांच्या गळी उतरविले. त्यांच्या पाठीशी जामखेडचे रुग्णालय होते आणि नियमाने गावांना भेट देणारे फिरते पथक होते. सेविका, पथक आणि रुग्णालय अशी ही तीन पदरी वीण होती. यांतील एक पदर सुटला असता तर बाकीचे दोन टिकले नसते.

आकड्यांची साक्ष

सेवाकार्याचा खरा जमाखर्च त्याच्या फलितावरून मांडावा लागतो. १९७१ साली प्रकल्पक्षेत्रात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. अवघ्या पाच वर्षांत, म्हणजे १९७६ साली, ही संख्या ५२ वर आली आणि १९९० नंतरच्या दशकात ती तिशीच्या खाली गेली. १९७१ साली लसीकरण जवळजवळ शून्य होते. १९७६ पर्यंत दहापैकी आठ बालकांना त्याचा लाभ मिळू लागला. या आकड्यांमागे महागडी यंत्रे नव्हती. वजनकाटा, नवे पाते, स्वच्छ धागा, मीठ, साखर आणि शिकलेली शेजारीण एवढेच भांडवल होते.

या यशाची नोंद जगाने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली निवडक देशांतील लोकाधारित आरोग्यप्रयोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जामखेडला स्थान मिळाले. १९७८ साली अल्मा आता येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला, त्यामागील विचारात अशा प्रयोगांच्या अनुभवाचा मोठा वाटा होता. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.

१९८८ साली वॉशिंग्टन येथील एका परिषदेत जामखेडची एक आरोग्यसेविका बोलावयास उभी राहिली. सभागृहातील लखलखत्या झुंबरांकडे निर्देश करून तिने डॉक्टरांना त्या झुंबरांची उपमा दिली : सुंदर, परंतु महाग आणि दूरची. मग तिने आपल्याजवळची एक लहानशी दिवली पेटविली आणि तिच्या ज्योतीने दुसरी दिवली उजळून दाखविली. झुंबर आपला प्रकाश दुसऱ्याला देऊ शकत नाही, दिवली देऊ शकते, हा तिचा आशय साऱ्या सभेने जाणला.

अनुकरण आणि अंतर

चांगल्या गोष्टीचे अनुकरण सोपे वाटते, पण तिचा गाभा उचलणे अवघड असते. केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली. दरमहा ५० रुपये मानधन ठरले. परंतु निवड झालेल्यांत पुरुषांचाच भरणा अधिक होता आणि गाठ होती ती मुख्यतः माता-बालकांच्या प्रश्नांशी. निवडीत गावातील वजनदार मंडळींचा शब्द चाले, आणि पुढील प्रशिक्षण व पाठबळही पुरेसे मिळाले नाही. परिणामी ती योजना हळूहळू क्षीण झाली. जामखेडचे बाह्यरूप घेतले गेले, त्याचा प्राण मात्र मागे राहिला.

या विचाराची पुढली पायरी गडचिरोली जिल्ह्यात रचली गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली. या कामामुळे ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ सेविकांची योजना आली. सुमारे हजार लोकवस्तीमागे त्याच गावातील एक स्त्री, हे सूत्र या वेळी शासनाने स्वीकारले. २०११ पासून नवजात बालकांच्या गृहभेटींचे कामही त्यांच्याकडे आले. करोनाच्या महासाथीत दारोदार फिरून या सेविकांनी जे काम केले, त्यानंतर २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सुमारे दहा लाख आशांचा सन्मान केला.

तथापि सन्मानाने चूल पेटत नाही, हेही खरे. आशांना स्वयंसेविका मानून कामागणिक मोबदला देण्याची पद्धत पडली आणि मानधनवाढीसाठी महाराष्ट्रातील आशांना २०२१ व २०२३ साली संप करावा लागला. ज्यांच्या पायपिटीवर गावाचे आरोग्य उभे आहे, त्यांच्या श्रमाचे मोल ठरविताना समाजाने हात आखडता घेणे योग्य नव्हे.

डॉ. मेबल आरोळे १९९९ साली व डॉ. रजनीकांत आरोळे २०११ साली कालवश झाले. परंतु त्यांचे कार्य पुढील पिढीने चालू ठेवले. जामखेडला देशविदेशांतून हजारो लोक शिकण्यासाठी येऊन गेले आणि त्यांना शिकविणाऱ्यांत एके काळच्या निरक्षर सेविकाही होत्या.

दानशूर समाजाने रुग्णालये बांधली, रुग्णवाहिका दिल्या, शिबिरे भरविली. ते सारे स्तुत्य होय. शिबिराचा मांडव एका दिवसात उठतो, कोनशिला मात्र वर्षानुवर्षे टिकते; पण रात्री-अपरात्री बाळंतिणीच्या दाराशी यांपैकी काहीही पोहोचत नाही. तेथे पोहोचते ती गल्लीतीलच एखादी जाणती स्त्री. तिला शिकविण्यासाठी, तिच्या हाती साधने देण्यासाठी आणि तिला मान देण्यासाठी खर्चलेला पैसा एका इमारतीत अडकून पडत नाही, तो घराघरांत फिरत राहतो. जामखेडच्या इतिहासाचा हाच सांगावा आहे, आणि दात्यांनी तो मनावर घ्यावा एवढी त्याची थोरवी खचितच आहे.