स्वादुपिंडाचा जुनाट दाह : कळ दिसते, थकवा दिसत नाही

जठराच्या मागे, पोटात आडवे पसरलेले स्वादुपिंड दोन कामे करते. अन्न पचविणारी विकरे ते आतड्यात सोडते आणि इन्शुलिनसारखी संप्रेरके रक्तात मिसळते. वारंवार येणाऱ्या दाहामुळे ही ग्रंथी हळूहळू कठीण व निकामी होऊ लागते, तेव्हा त्या विकारास ‘क्रॉनिक पॅन्क्रिएटायटिस’ म्हणतात. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी कळ हे त्याचे ठळक लक्षण. कळ आली की रुग्णालय गाठले जाते. थकव्यासाठी मात्र कोणी जात नाही. रुग्ण तो सांगत नाही आणि घरच्यांना तो आळस वाटतो.

वस्तुतः या थकव्याला शारीरिक कारणे असतात आणि त्यांतील बरीचशी शोधता येतात. विकरे कमी पडली की स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, शौच तेलकट होते, वजन घटते आणि अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे शरीराला पुरेशी मिळत नाहीत. पुढे अनेकांना मधुमेह जडतो. तो नेहमीच्या मधुमेहाहून वेगळा असतो. यात साखर वाढविणारे ग्लुकागॉन हे संप्रेरकही कमी पडत असल्याने इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर एकाएकी खाली येऊ शकते. रात्रीच्या वेदनेने झोप मोडते. अफूवर्गीय वेदनाशामकांनी दिवसभर गुंगी राहते ती वेगळीच.

मनावरील भार याहून अवघड. जेवल्यावर कळ येते म्हणून रुग्ण जेवणालाच भिऊ लागतो. पंगतीला, लग्नकार्याला जाणे टाळतो. नैराश्य व चिंताविकार या रुग्णांत अधिक आढळतात. त्यातच ‘दारू पीत असेल’ हा शेरा. मद्यपान आणि धूम्रपान ही मोठी कारणे आहेत, यात शंका नाही. परंतु भारतातील १,०८६ रुग्णांच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात सुमारे ६० टक्के रुग्णांच्या आजाराचे निश्चित कारण सापडले नव्हते. मद्यपानाशी संबंधित रुग्ण सुमारे ३९ टक्के होते. कधीही दारू न प्यालेल्या तरुणाला किंवा गृहिणीला हा शेरा किती जिव्हारी लागत असेल!

केवळ वेदना कमी झाल्याने जगणे सुधारतेच असे नाही. नेदरलँड्समधील ८८ रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची वेदना, आधी एंडोस्कोपीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा कमी राहिली. जीवनमानाच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

म्हणूनच तपासणीच्या वेळी झोप, भूक, वजन आणि मनःस्थिती यांविषयी रुग्णाने आपण होऊन बोलावे. विकरांच्या कॅप्सूल रिकाम्या पोटी नव्हे, तर जेवतानाच घ्यावयाच्या असतात. ही साधी गोष्ट चुकल्याने औषध वाया जाते. भातावरचे तूप कायमचे सोडणेही बहुतेकांना आवश्यक नसते. विकरांची मात्रा योग्य असल्यास सामान्य आहार घेता येतो. त्याचे प्रमाण डॉक्टर व आहारतज्ज्ञ ठरवतील. मद्य व तंबाखू मात्र पूर्ण बंद. मन फारच खचले असल्यास केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क, मराठीतूनही बोलता येते.