बोट चालू झाली काय?

आमच्या आजोंना एक सवय होती. गणपती विसर्जन झाले की एखाद्या संध्याकाळी लालबागहून चालत चालत भाऊच्या धक्क्यावर जायचे आणि तिथे जो खलाशी, जो हमाल भेटेल त्याला विचारायचे, "बोट चालू झाली काय?" उत्तर काहीही मिळो, मान हलवायची आणि परत फिरायचे.

मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलोय. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. गंमत म्हणजे त्यांना गावी जायचे नसायचेच. रजा नसायची, आणि असती तरी एसटी होतीच की! मग हा माणूस दरवर्षी धक्क्यावर जाऊन हे का विचारतो, ते मला कळायचे नाही. कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

घरातल्या नव्या पिढीने बोट पाहिलेली नाही, म्हणून आधी थोडे त्याबद्दल.

मुंबईतून कोकणात जायचे म्हणजे बोटीने जायचे, असा एक काळ होता. आणि तो काही वर्षांचा नव्हे, शंभराच्या वर वर्षांचा. सुटायचे ठिकाण भाऊचा धक्का. यातले भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, लोक त्यांना भाऊ रसूल म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी धक्का बांधला, तेव्हा कुठे बोटीतून उतरणाऱ्या माणसाला चिखल न तुडवता मुंबईच्या जमिनीवर पाय टेकता येऊ लागला. त्यांचा मूळ धक्का कर्नाक बंदराच्या बाजूला. आज आपण ज्याला भाऊचा धक्का म्हणतो तो माझगावचा, पण नाव मागोमाग चालत आले. एका सरकारी कारकुनी केलेल्या माणसाचे नाव लाखो लोकांच्या तोंडी बसले. मुंबईत किती गव्हर्नरांची नावे आली आणि पुसली गेली, भाऊ मात्र टिकले!

बोट सकाळी सुटायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला. सगळ्या बोटी सगळी बंदरे घेत असे नाही, पण ही नावे आमच्या घरात पाढ्यासारखी पाठ होती. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण बंदरांचा क्रम ती झोपेतही चुकली नसती.

जाणारा माणूस एक असला तरी धक्क्यावर अख्खी खोली जायची. खोली म्हणजे गावकीची खोली. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाने भाड्याने घेतलेल्या या खोल्या. वीस-पंचवीस गडी, भिंतीला लागून प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, जेवण खानावळवालीकडे. दिवसपाळीचे रात्री झोपायचे, रातपाळीचे दिवसा. गिरगावात कारकून, कंपाॅझिटर, हाॅटेलातली पोरे, इकडे गिरणगावात साच्यांवरचे कामगार. पण धक्क्यावर दोन्हीकडचे एकत्र भेटायचे. जाणाऱ्याच्या हाती प्रत्येकाचे काही ना काही असायचे. कुणाची पुडी, कुणाचे लुगडे, कुणाच्या दहा रुपयांच्या नोटेची चौघडी. आणि निरोप तर किती! "म्हाताऱ्याक सांग, दिवाळीक येतंय." कोकणी चाकरमानी बोटीत चढला की तो एकटा नसायचाच, खोलीतल्या सगळ्यांचा पोस्टमन असायचा.

बोटीत खालच्या डेकवर चादर पसरायची आणि जागा धरायची. खिशात लिंबू आणि आवळासुपारी, कारण बोट लागायची. (मराठीत 'बोट लागली' याचे दोन अर्थ आहेत. एक धक्क्याला लागली, आणि दुसरा पोटाला! आमच्या आत्येला दुसरा अर्थ पहिल्याच्या आधी कळायचा.)

मालवणला पोचणे हा वेगळाच प्रकार. तिथला समुद्र खडकाळ, त्यामुळे बोट किनाऱ्याला यायचीच नाही, लांब उभी राहायची. आधी सिंधुदुर्ग किल्ला दिसायचा, मग माडांची रेघ. भोंगा झाला की किनाऱ्यावरून मचवे निघायचे आणि बोटीच्या अंगाला येऊन बिलगायचे. खाली मचवा लाटेबरोबर वर-खाली होतोय, वरून खलाशी ओरडतोय, "थांब... थांब... आता!" आणि त्या 'आता'ला उडी टाकायची. मुले हातोहात फेकल्यासारखी दिली जायची. आजी सांगायची की तिच्या तरुणपणी मचवाही वाळूपर्यंत यायचा नाही, शेवटचे काही हात पाणी खलाशाच्या खांद्यावर बसून ओलांडायचे. नवी नवरी म्हणून ती पहिल्यांदा मुंबईहून माहेरी आली ती अशी, परक्या माणसाच्या खांद्यावर, लाजेने डोळे मिटून. किनाऱ्यावर उभ्या भावाला ती आधी दिसलीच नाही, लुगडे दिसले.

इथवरचे सगळे आमच्या घरात रंगवून सांगितले जाते. लग्नकार्यात चार म्हातारी माणसे जमली की बोट निघतेच. "काय ते दिवस!" असो.

पण या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट कधी येत नाही. बोट वर्षाचे बाराही महिने नसायची. मे महिना संपत आला की कोकणच्या बोटी बंद. खवळलेल्या समुद्रात, उघड्या बंदरांवर, मचव्यात माणसे उतरवणार कशी? पावसाळा सरला की पुन्हा सुरू. म्हणजे वर्षातले तीन-साडेतीन महिने समुद्र बंद. रस्ते नदी-नाल्यांनी तुटलेले, खाड्यांवर पूल नाहीत. दुसरी वाट म्हणजे रेल्वेने पुण्याला जाऊन, गाडी बदलून कोल्हापूर (तिथवर रेल्वे १८९१ मध्येच पोचली होती), आणि तिथून फोंडा नाहीतर आंबोली घाट उतरायचा. तोही दरड कोसळली नसेल तर. पैसे आणि रजा दोन्ही ज्याच्याकडे असेल त्याची ती वाट.

नकाशात कोकण बेट नाही. पण जून ते सप्टेंबर ते बेटच असायचे.

आजोंची आई १९३८ च्या श्रावणात गेली. तार खोलीवर आली तेव्हा आजो रातपाळी करून झोपले होते. खोलीतल्यांनी त्यांना उठवले नाही. उठवून करणार काय? बोट बंद होती. घाटाने जायला लागतील तेवढे पैसे खोलीतल्या सगळ्यांनी मिळून जमवलेही असते, पण पोचेपर्यंत किती दिवस जातील याचा भरवसा नव्हता आणि गिरणीत बदली कामगाराची जागा कुणी राखून ठेवत नसे. दुपारी ते आपले आपण उठले, तेव्हा सांगितले. ते भाऊच्या धक्क्यावर गेले. बोट नाही हे माहीत असून गेले. आणि पहिली बोट सुटेपर्यंत रोज जात राहिले.

हे मला आजोंनी सांगितले नाही. आजोंच्या पश्चात त्यांच्या खोलीतल्या एका सोबत्याने सांगितले, तेही सहज, दुसऱ्या कुठल्याशा विषयावरून. तेव्हा मला तो दरवर्षीचा प्रश्न कळला.

तरी समुद्र बंद ठेवायचे ते उगाच नव्हे. १७ जुलै १९४७, गुरुवार. लांबच्या बोटी बंद होत्या, पण भाऊच्या धक्क्यावरून पलीकडे रेवसला जाणारी जवळची बोट चालू होती. त्या सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' सुटली. स्वदेशीच्या चळवळीत कोकणातल्या लोकांनी काढलेल्या आणि 'माझी आगबोट' म्हणून मिरवलेल्या कंपनीची ही एके काळची बोट. बोटींना संतांची नावे दिली होती ती लोकांना आपली वाटावी म्हणून. त्याच कंपनीची 'तुकाराम' १९२७ च्या नोव्हेंबरात बुडाली होती. रामदास बंदराबाहेर पडताच वाऱ्या-पावसात सापडली, काश्याच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने कलंडली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेच्या वर माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे इतक्या जवळ घडलेले हे मुंबईला संध्याकाळपर्यंत नीट कळलेसुद्धा नाही. जे वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचवले ते रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी. आपली मासळी समुद्रात टाकून त्यांनी माणसे होड्यांत घेतली. महिन्याभरात स्वातंत्र्य आले. लालबागमधल्या काही घरांत त्या दिवशी दिवा लागला नाही, असे आजी म्हणायची.

म्हणून मला "काय ते दिवस" म्हणताना जरा अडखळायला होते. बोट चालू असेल तर गर्दी, निरोप, गाणी, गप्पा. बंद असेल तर आईचे तोंडही दिसायचे नाही. आणि बंद असायला हवी तेव्हा चालू असेल, तर रामदास. आठवणी चालू बोटीच्याच का राहतात? कदाचित ज्यांच्याकडे बंद समुद्राच्या आठवणी होत्या ते आजोंसारखे बोललेच नाहीत, एवढेच.

पुढचे थोडक्यात. रस्ते झाले, खाड्यांवर पूल झाले, परळ आणि मुंबई सेंट्रलहून एसटीच्या गाड्या भरभरून सुटू लागल्या. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या शेवटच्या मोठ्या बोटी. मी बसलो तो कोकण सेवकमध्ये. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला आणि धक्क्यावर येणारी माणसेच विस्कटली. ऐंशीचे दशक संपता संपता बोटीही थांबल्या. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि दादर स्टेशन हे आमचे नवे बंदर झाले.

आणि मग ९ ऑक्टोबर २०२१ ला मालवणजवळ चिपीला चक्क विमानतळ झाला! आजीला सांगितले असते तर ती म्हणाली असती, "गप रे, खोटा सांगू नको."

२०२२ च्या जुलैत काका गेले. सकाळी फोन आला आणि नशिबाने त्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली. पंख्यांचे, सत्तरेक माणसांचे छोटे विमान. ढगांतून खाली आले तेव्हा खिडकीतून आधी समुद्र दिसला, मग माड, मग जांभ्याचा लाल सडा आणि त्यावर धावपट्टी. शिडीने उतरायचे आणि पावसात छत्री घेऊन चालत इमारतीकडे जायचे. इमारत एवढीशी. दाराबाहेर चुलतभाऊ उभा होता, त्याला मी आणि मला तो लगेच दिसलो. दोघे काही बोललो नाही. मुंबई सोडल्यापासून दोन तासही झाले नव्हते. काकांना नेण्यासाठी सगळे माझी वाट बघत थांबले होते.

भर जुलैत मी पोचलो होतो. आमच्या घराण्यात मुंबईहून जुलैत वेळेवर पोचलेला मी बहुधा पहिलाच.

परतीचे विमान मात्र आलेच नाही. पाऊस एवढा होता की समोरचे दिसत नव्हते. आम्ही पंधरा-वीस माणसे काचेपलीकडच्या रिकाम्या धावपट्टीकडे बघत बसलो होतो. एक म्हातारे गृहस्थ मात्र दर दहा मिनिटांनी उठून काउंटरवरच्या मुलीकडे जायचे आणि विचारायचे, "आज येतला काय?" ती बिचारी हसून सांगायची, "अजून कळलं नाही, काका." शेवटी विमान रद्द झाल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि पिशवी उचलली.

मी कुडाळला जाऊन रेल्वे पकडली. रात्रभर प्रवास करून पहाटे दादरला उतरलो. आजही गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते, गाड्यांसकट. एकदा विसर्जनानंतर मुद्दाम जाऊन बघून आलो. धक्क्यावर मासळीचा तोच वास. एक खलाशी दोर गुंडाळत बसला होता.

त्याला विचारावेसे वाटले, पण काय विचारणार? बोट तर समोरच उभी होती.