पाचशे एक रुपयांचा फोन

वाशीच्या बाजारात मोबाइल फोनच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले की एक मागणी हमखास कानावर पडते. "बोलण्यापुरता द्या. साधा आणि स्वस्त." मागणारे बहुधा वयस्क असतात. मुलांच्या आग्रहाखातर फोन घ्यायला आलेले असतात. मग दुकानदार विचारतो, "सिम कोणत्या कंपनीचं आहे?" नुसते बोलायचे असताना हा प्रश्न कशासाठी? त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

भारतातला पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीतल्या सुखराम यांच्याशी बोलले. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल मोबाइल आणि मॅक्स टच या दोन कंपन्यांची सेवा सुरू झाली. परवान्याच्या हिशेबात नवी मुंबई मुंबईच्याच क्षेत्रात येत होती. तेव्हा दर मिनिटाला सुमारे १६ रुपयांपर्यंत होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे खिशातला फोन वाजला तरी तो उचलावा की नाही, असा विचार करावा लागे. लोक फोन घ्यायला नाखूश होते ते काही यंत्राच्या भीतीने नव्हे. त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता.

हा हिशेब बदलला तो २००३ साली. १ मे २००३ पासून आलेल्या फोनचे पैसे पडेनासे झाले. खर्च फोन करणाऱ्याच्या माथी गेला. त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा फोन आला. धूळ आत जाऊ नये म्हणून त्याच्या बटणांवर सलग रबरी पडदा होता, आणि वर एक छोटी विजेरी. जगभरात असे २५ कोटींहून अधिक फोन विकले गेले.

तिसरी घटना नवी मुंबईतली. कोपरखैरणे येथील धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून रिलायन्स इन्फोकॉमने डिसेंबर २००२ मध्ये आपली सेवा जाहीर केली. पोस्टकार्डापेक्षा स्वस्त फोन, ही त्यामागची घोषणा होती. जुलै २००३ मध्ये कंपनीची 'मान्सून हंगामा' योजना आली. ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा! उरलेली रक्कम मासिक हप्त्यांनी द्यायची होती.

पण या फोनात एक वेगळेपण होते. त्यात सिमकार्ड नव्हते. त्याचे कारण समजण्यासाठी शाळेचेच उदाहरण घेऊ.

जीएसएम पद्धतीत एका कंप्रतेच्या लहरीचे वेळेनुसार आठ भाग पाडतात. एकच वर्गखोली आणि तिचे आठ तास, असे समजा. प्रत्येक बोलणाऱ्याला एक तास मिळतो. हे सारे तास मिळून ५ मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळात संपतात आणि पुन्हा सुरू होतात, म्हणून बोलणे तुटल्यासारखे वाटत नाही. सीडीएमए पद्धतीत मात्र सगळे एकाच वेळी बोलतात, पण प्रत्येकाला वेगळा संकेत दिलेला असतो. लग्नाच्या मांडवात कितीही कलकलाट असला तरी आपल्या भाषेतले बोलणे आपण वेगळे ओळखतो, तसेच हे.

जीएसएम पद्धतीत ग्राहकाची ओळख सिमकार्डावर असते. कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातले की काम झाले. रिलायन्सची सेवा सीडीएमए पद्धतीची होती आणि तिच्यात ही ओळख फोनच्या आतच नोंदलेली असे. अशी नोंद करणे सीडीएमएला अपरिहार्य नव्हते. तशी योजना निवडली गेली होती. परिणामी कंपनी बदलायची तर फोनही बदलावा लागे. फोन स्वस्त होता, पण खुंट्याला बांधलेला होता. पुढे २०१६ साली ही सीडीएमए सेवा बंद होऊ लागली, तेव्हा तसे चांगले चालणारे फोनही निरुपयोगी ठरले.

ठाणे-वाशी लोहमार्गावर कोपरखैरणेच्या शेजारचे स्थानक घणसोली. रिलायन्स जिओचा कारभार तिथल्या संकुलातून चालतो. जुलै २०१७ मध्ये याच कंपनीने बटणांचा जिओफोन जाहीर केला. १,५०० रुपये अनामत भरायची आणि तीन वर्षांनी ती परत मिळायची. हा फोन दिसायला साधा होता, पण आतून ४जी होता. जिओचे जाळे तेव्हा केवळ ४जीचे असल्याने तिथे आवाजही इंटरनेटच्या माहितीसारखा पुडक्यांतून जाई. जिओफोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम मात्र चालत नसे. चौदा वर्षांनी खुंटा पुन्हा आला होता.

दुकानदाराच्या प्रश्नाचा उलगडा इथे होतो. जुन्या धाटणीचा २जी फोन जिओच्या सिमवर बोलणारच नाही. त्याला २जी जाळे चालू असलेल्या कंपनीचे सिम हवे. फोनचा साधेपणा हा हातातल्या यंत्राचा गुण नसतो. ते यंत्र म्हणजे एका अवाढव्य व्यवस्थेचे शेवटचे टोक असते, आणि त्याची किंमत व आयुष्य दोन्ही त्या व्यवस्थेत ठरतात. फोन साधा मागणाऱ्याचे चुकत नाही. त्याने फक्त आणखी दोन प्रश्न विचारावेत. हा फोन कोणत्या जाळ्यावर चालतो? आणि त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालते का?

वर्गात एक उपक्रम करता येईल. मुलांनी घरातल्या आजवरच्या फोनांची यादी करावी: कोणत्या साली घेतला, किती रुपयांना, सिम होते का, आणि वापर का थांबला. शेवटच्या रकान्यात 'बिघडला' किती जणांनी लिहिले आणि 'चालू होता, पण चालेना' किती जणांनी, हे मोजावे. यंत्र जुने होणे आणि यंत्र जुने ठरवले जाणे, या दोन गोष्टींतला फरक मुलांना त्यातून दिसेल.